गहू बंद केला, तरी रिपोर्ट हलेना

गेल्या अंकात सीलिअॅक आजारावर, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं लहान आतडं बिघडतं त्या आजारावर, दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा गठ्ठाच येऊन पडला. सगळी पत्रं या पानात मावणार नाहीत. जे प्रश्न चार घरांत निघतील असे आहेत, ते घेतले आहेत. ग्लुटेन-फ्री बिस्किटं कुठं मिळतात एवढंच विचारणाऱ्यांनी जरा थांबा. तुमच्या प्रश्नाला मी मुद्दाम मागं ठेवलंय.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. उंची वाढत नव्हती, रक्त कमी होतं, लोहाच्या औषधाचा काही उपयोग होत नव्हता. शेवटी एंडोस्कोपी झाली आणि सीलिअॅक निघाला. वर्षभर पोळी, पाव, बिस्किट सगळं बंद आहे. भाकरी आणि भात खातो. तरी टीटीजी (सीलिअॅकसाठी रक्तात तपासतात ती अँटिबॉडी) अजून बराच वर आहे. मधेच पोट दुखतं, तेव्हा मी त्याला मऊ भात आणि मेतकूटच देते. डॉक्टर म्हणतात कुठून तरी गहू जातोय. पण त्याच्या ताटात गहू येतच नाही हो! — एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताटात येत नाही, हे मान्य. आता ताटाच्या मागं जाऊ.

आधी मेतकूट. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ यांच्याबरोबर मूठभर गहू भाजून घालायची पद्धत आपल्याकडं घरोघरी आहे. म्हणजे पोट दुखलं की तुम्ही त्याला तूप घालून, मायेनं, गहूच भरवताय. डबा सासूबाईंनी दिलेला असो की दुकानातला, आज बाजूला काढा. गहू वगळून नवं करा. चवीत फरक पडलाय हे मुलाला कळणारही नाही. थालीपिठाच्या भाजणीचंही तेच. भाजणीत गहू असतो, आणि ‘थालीपीठ म्हणजे ज्वारी-बाजरीचं’ असं म्हणून ती बिनधास्त दिली जाते.

मग गिरणी. माझा पहिला संशय नेहमी तिच्यावरच असतो. तुमची ज्वारी तुम्ही कुठं दळता? गिरणीवाला सांगेल, ‘ताई, गव्हाची चक्की वेगळी आहे.’ खरंही असेल. पण तुमच्या आधी त्याच ज्वारीच्या चक्कीवर कुणीतरी गहू घातलेली भाजणी दळून नेलेली असते. पिठाच्या कापडी नळीत, दगडांत, खालच्या पेटीत ती राहते आणि तुमच्या डब्यात उतरते. शिवाय गिरणीत हवेत जे उडतं ते गव्हाचंच. या मुलासाठी घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही, पाहुणे आले तरी, घालू नका. नवीच घ्या, कुणाची वापरलेली नको. ते लगेच जमण्यासारखं नसेल तर तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरवर थोडा थोडा दळा, नव्या चाळणीनं चाळा. ज्वारीसुद्धा निवडल्याशिवाय दळायची नाही. पोत्यातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. मी सोलापूरची, ज्वारी निवडणं हे आमच्याकडं लहानपणी शिक्षा म्हणून मिळायचं. तुमच्याकडं ते आता औषध आहे.

तिसरी गोष्ट हिंगाची डबी. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे हिंग कमी आणि डिंक-पीठ जास्त. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीमागची बारीक अक्षरं वाचा. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. हिंग रोज फोडणीत पडतो, म्हणून मला त्याची काळजी जास्त. पापडाच्या पाकिटावरही तेच बघा. आणि कुरडया? त्या गव्हाच्या चिकाच्या. ‘पांढऱ्या आहेत, तांदळाच्या असतील’ म्हणून तळू नका.

राहिलं स्वयंपाकघर. पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर त्याच्या भेगांत कणीक बसते, ती घासून जात नाही. भाकरी त्यावर थापायची नाही. त्याची परात, तवा, चाळणी, उलथणं वेगळं ठेवा, आणि सगळ्यांना लांबून ओळखू येईल अशी खूण करा. भाकरी आधी करा, पोळ्या नंतर. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचा साबुदाणा वडा तळू नका. पोळीच्या डब्यातल्या फडक्यात भाकरी गुंडाळू नका.

एवढं केल्यावर टीटीजी लगेच खाली येईल अशी आशा धरू नका. ती अँटिबॉडी सावकाश उतरते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. लोह, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडही डॉक्टरांना विचारून बघून घ्या. आणि घरात दुसरं मूल असेल तर त्याची टीटीजी करा, तुम्हा दोघांचीही. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो, त्रास काही नसला तरी. फक्त तपासणीआधी त्यांचा गहू बंद करू नका. का, ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न : वय ३१, नोकरी हिंजवडीत. पोट फुगायचं म्हणून एका व्हिडिओवरून गहू सोडला. चार महिने झाले, मस्त वाटतंय. आता डॉक्टर म्हणतात सीलिअॅकची टेस्ट करू, पण त्यासाठी परत गहू खा. बरं वाटत असताना पुन्हा त्रास का ओढवून घ्यायचा? — पुणे

उत्तर : कारण आत्ता टेस्ट केली तर ती खोटं बोलेल. गहू, जव किंवा राय यातलं ग्लुटेन पोटात गेलं की सीलिअॅकच्या रुग्णाच्या शरीरातली प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते आणि आतली लव झडते. तुम्ही ग्लुटेन थांबवलंत की अँटिबॉडी उतरायला लागतात, लव पुन्हा उगवायला लागते. मग रक्त चांगलं, बायोप्सी चांगली, आणि आजार तसाच. म्हणून साधारणपणे सहा आठवडे रोज गहू खाऊन मग तपासतात. किती खायचा हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

तेवढीही तयारी नसेल तर जनुकांची तपासणी आहे, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ची. तिला गव्हाची गरज लागत नाही. दोन्ही जनुकं नसली तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच. असली तर मात्र काही सिद्ध होत नाही. तीन-चार माणसांत एकाकडं ती असतात आणि बहुतेक जण आयुष्यभर शिरा-पुरी खाऊन ठणठणीत असतात.

आणि बरं वाटतंय म्हणजे ग्लुटेनच दोषी, असं नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची साखर असते, ती कांदा-लसणातही असते. काहींचं पोट तिनं फुगतं. तसं असेल तर पाहुण्यांकडची एखादी पोळी तुम्हाला चालेल. सीलिअॅक असेल तर जन्मभर कणही नाही. हा फरक कळण्यासाठी सहा आठवड्यांचा त्रास मला तरी महाग वाटत नाही.

प्रश्न : ताई, मी २५ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी सीलिअॅक कळलं, आता तब्येत छान आहे. स्थळं बघतायत. आई म्हणते, ‘पथ्यच तर आहे, लग्नानंतर सांगू. आधी सांगितलं तर लोक मुलगी आजारी म्हणतील.’ — सातारा जिल्हा

उत्तर : आईची भीती मला कळते. पण तू बघ, लग्नानंतर पहिल्या दिवसापासून तू काय करणार? देवदर्शन, पूजा, मांडव परतणी, नात्यातली जेवणं, आणि प्रत्येक घरी नव्या सुनेच्या तोंडात कुणीतरी आग्रहानं लाडू भरवणार. लपवायचं म्हटलं तर तो खावाच लागेल. महिनाभरात रक्त कमी, पोट बिघडलेलं, आणि सासरी शेरा, ‘पोरगी नाजूक आहे.’ जे टाळायला गेलीस तेच झालं.

पहिल्या भेटीत पत्रिकेबरोबर रिपोर्ट ठेवायची गरज नाही. मुलगा पसंत पडतोय असं वाटलं की त्याला तूच सांग, आईमार्फत नको. सांगताना सगळा आजार सांगत बसू नकोस. गहू, रवा, मैदा आणि जव चालत नाही, बाकी सगळं चालतं, पथ्य पाळलं की औषध लागत नाही, मूल होण्यात अडचण नाही, मात्र मुलांची पुढं तपासणी करावी लागेल. आणि मग त्याच्या आईकडं बघ. ‘मग आमच्याकडं तांदळाची भाकरी असतेच’ असं म्हणणारी बाई आणि ‘एखाद्या घासानं काय होतंय’ म्हणणारी बाई, यातली कोणती तुला रोज जेवायला वाढणार आहे, हे लग्नाआधी कळलेलं बरं.

प्रश्न : खपली गव्हात ग्लुटेन नसतं ना? — सांगली

उत्तर : असतं. खपली, बन्सी, शरबती, कुठलाही गहू असो, देशी असो वा जुना, सीलिअॅकला चालत नाही. मधुमेहासाठी कुणी खपली सांगितला असेल तर तो विषय वेगळा. दुकानदारानं सांगितलं म्हणून तर मुळीच नको.

प्रश्न : नातवाला सीलिअॅक आहे. सून सत्यनारायणाचा प्रसादही त्याला देऊ देत नाही. चिमूटभर शिऱ्यानं काय होतंय? देवाचा प्रसाद आहे. — आजी, नाशिक

उत्तर : आजी, रागावू नका, सून बरोबर आहे. एक ग्रॅम रव्यात अंदाजे १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीत झालेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅमनं तीन महिन्यांत आतड्याचं अस्तर बिघडलेलं दिसलं होतं. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला आपल्या सरकारनं मर्यादा घातलीय ती एका किलोत २० मिलिग्रॅमची. आता तुमची चिमूट कुठं बसते बघा. पूजा एकच असते हे खरं, पण मग शेजारची पूजा, मंदिरातला भंडारा, वाढदिवसाचा केक, प्रत्येक जण आपली एकच चिमूट देतो.

प्रसाद मात्र त्याला मिळालाच पाहिजे, पोराला वगळल्यासारखं वाटता कामा नये. तांदळाच्या रव्याचा शिरा करा, सव्वाच्या मापानं, केळं घालून, सगळ्यांनाच तोच. तो शिरा गव्हाच्या शिऱ्यापेक्षा मोकळा होतो आणि माझ्या मते चवीला सरस. दुसऱ्याच्या घरी पूजा असेल तर त्याला तीर्थ आणि अख्खं केळं द्या. कापलेलं नको, कारण शिरा वाढणारा हातच केळ्याच्या फोडी उचलतो. गणपतीत तर प्रश्नच नाही, उकडीचे मोदक पोटभर. उपवासाला वरईचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा सगळं चालतं. फक्त राजगिऱ्याचं पीठ कुठं दळलंय ते सुनेला विचारू द्या. दिवाळीत अनारसे आणि बेसनाचे लाडू तुम्ही स्वतः करा, करंज्या-शंकरपाळ्यांच्या आधी, स्वच्छ तेला-तुपात.

प्रश्न : बिस्किटं कुठं मिळतात? आणि दुधात घालायची माल्टची पावडर चालेल का? — तिघा-चौघांचा प्रश्न

उत्तर : माल्ट जवाचा असतो, चालत नाही. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो, म्हणून गाडीवरचा चायनीज भातही नको. बिस्किटं मोठ्या दुकानांत मिळतात, पण मी ती रोज द्यायला सांगत नाही. बहुतेकांत स्टार्च आणि साखरच असते, तंतू नावालाही नसतो, म्हणून मुलांना बद्धकोष्ठ होतं, आणि खिशाला कात्री. प्रवासापुरता एक पुडा ठेवा. एरवी शाळेच्या डब्याला घावन, नाचणीची आंबोळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. ओट्स पहिलं वर्षभर नकोतच. नंतर द्यायचे झाले तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच, आणि डॉक्टरांना विचारून.