आणीबाणी, अतिरेकी आणि न्यायालय

प्रश्न: पुन्हा आणीबाणी आली तर जगण्याचा हक्कसुद्धा गोठवता येईल का?

नाही, पण हे 'नाही' आपल्याला उशिरा मिळालं. १९७५च्या आणीबाणीत मिसाखाली (खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा) डांबलेल्यांचे सुटकेचे अर्ज नऊ उच्च न्यायालयांनी ऐकण्याजोगे मानले होते. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना न्या. खन्नांनी विचारलं, पोलिसाने खासगी आकसातून कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असं महान्यायवादींनी, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी, सांगितलं. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले. खन्ना एकटे उरले आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी डावलले गेले. कलम २० (आरोपीला संरक्षण) आणि २१ (जगण्याचा हक्क) स्थगित करता येणार नाहीत, ही तरतूद ४४व्या घटनादुरुस्तीने केली, तीही आणीबाणी उठल्यावर. तो निकाल २०१७ मध्ये चुकीचा ठरवताना मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. १९७६च्या त्या चौघांत त्यांचे वडील होते!

प्रश्न: कसाबला सरकारी खर्चाने वकील कशाला दिला?

त्याच खटल्यात त्याच्याबरोबर दोन भारतीय आरोपी होते. पुरावा टिकला नाही म्हणून ते सुटले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती सुटका कायम राहिली. बचाव ऐकायचाच नाही असं ठरलं असतं, तर तेही फासावर गेले असते. आणि वेळेचं म्हणाल, तर नोव्हेंबर २००८ची अटक आणि नोव्हेंबर २०१२ची फाशी. आपल्याकडच्या मानाने हा वेग चांगलाच.

प्रश्न: यूएपीएत (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) जामीन इतका अवघड का?

मुंबई हल्ल्यानंतर, २००८ मध्ये, कायद्यात ४३-ड हे कलम आलं. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. त्या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी करू नका, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने खिडकी किलकिली केली: आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत, २७६ साक्षीदार बाकी, मग जामीन द्यावाच लागेल. पण 'फार लांबलं' म्हणजे किती, हे ज्या-त्या न्यायाधीशावर. मला हे पटत नाही. मुदत कायद्यातच हवी.

प्रश्न: इतर देशांतली न्यायालयं जास्त धीट आहेत का?

कधीकधी. परदेशी संशयितांना खटल्याविना अनिश्चित काळ डांबणं मानवी हक्कांशी विसंगत आहे, असं ब्रिटनच्या लॉर्ड्‌सनी (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी जाहीर केलं. कायदा रद्द करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तो पुढच्या वर्षी संसदेनेच बदलला. मात्र १९४१ मध्ये, ऐन युद्धात, याच लॉर्ड्‌सनी स्थानबद्धतेबाबत मंत्र्याचा शब्द पुरेसा मानला होता. तिथेही विरोधात एकच न्यायमूर्ती होते.