वाचकांचे प्रश्न : पोलो किती खाली घ्यावी?

प्रश्न : काका, नमस्कार. मी नाशिकला असतो. 2017 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय सेकंडहँड घेतली आहे. इंजिनावर मी खूश आहे, पण टायर आणि मडगार्डमधली ती फट बघवत नाही. शिवाय कसारा घाटात वळणावर गाडी कलते. एका मित्राकडे गाडी 40 मिमी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचा कोरा सेट पडून आहे. त्याने तो त्याच्या डिझेल पोलोसाठी मागवला होता, आता निम्म्या किमतीत देतोय. माझे शॉकअप मूळचे आहेत, गाडी 70 हजार किलोमीटर झाली आहे. दर महिन्याला आई-बाबांना घेऊन मुंबईला जाणं असतं. बसवू का?

उत्तर : हा सेट घेऊ नका. फुकट दिला तरी घेऊ नका.

पहिली गोष्ट, तो डिझेल गाडीचा आहे. स्प्रिंग गाडीच्या नावावर बनत नाही, ॲक्सलवर येणाऱ्या वजनावर बनते. पोलोचं डिझेल इंजिन तुमच्या 1.2 लिटर पेट्रोलपेक्षा बरंच जड, म्हणून त्याची पुढची स्प्रिंग जास्त वजन तोलणारी. ती तुमच्या गाडीला लावली की पुढचा भाग 40 मिमी खाली येणारच नाही. मागचं वजन मात्र दोन्ही गाड्यांत जवळजवळ सारखं, त्यामुळे मागचा भाग पूर्ण बसेल. नाक वर आणि बूड खाली, अशी गाडी दिसेल. चांगल्या कंपनीच्या सेटसोबत एक कागद येतो. कोणतं इंजिन, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर जास्तीत जास्त किती किलो, हे त्यावर लिहिलेलं असतं. आयबाख असो, एच अँड आर असो की कोब्रा, डब्यावरच्या नावाआधी तो कागद वाचा.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या गाडीची. चाकणला बनलेली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा मुळातच उंच ठेवलेली होती, ग्राउंड क्लिअरन्स सुमारे 165 मिमी. तिकडच्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगवर लिहिलेले 40 मिमी हे तिकडच्या उंचीतून वजा करायचे असतात. इथे त्याच स्प्रिंगने गाडी त्याहून जास्त खाली येते. म्हणून विकणाऱ्याला 'किती मिमी' एवढंच विचारून भागत नाही, 'भारतीय गाडीवर बसवून मोजलं आहे का' हे विचारावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला वाटतंय की तुम्ही उंची कमी करताय. खरं तर तुम्ही चाकाला वर जायला असलेली जागा कमी करताय. समजा, चाक बंप स्टॉपला, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत 80 मिमी वर जाऊ शकतं. गाडी 40 मिमी खाली घेतली की उरले 40. तोच खड्डा, तोच वेग, तेवढाच धक्का आता अर्ध्या अंतरात जिरवायचा. त्यासाठी स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक लागेल, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाने वाढते. चौपट कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कोणी देत नाही, दिली तर तुमची आई मागच्या सीटवर बसू शकणार नाही. म्हणजे उरलेला धक्का बंप स्टॉप खाणार, आणि त्याच्यानंतर गाडीची बॉडी.

आणि हा धक्का सरळ रस्त्यावर बसला तर फक्त दणका. घाटाच्या वळणात, मागे दोन माणसं आणि डिकीत बॅगा असताना बसला तर मागचा भाग एका क्षणात दगडासारखा कडक होतो, बाहेरच्या मागच्या चाकावर एकदम भार जातो आणि तिथलं ग्रिप सुटायला लागतं. छोट्या, जोरकस, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत तो क्षण फार वाईट असतो. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण माझ्याकडे 'गाडी एकदम छान बसली आहे' म्हणून येणाऱ्या बहुतेक पोलो आणि स्विफ्ट रिकाम्या उभ्या असतानाच छान असतात.

गाडी कलण्याबद्दल. खाली घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणजे कलणं कमी होणार, असा सरळ हिशोब सगळे मांडतात. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी खाली गेली की चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचं बॉडीकडचं टोक चाकाकडच्या टोकाच्या तुलनेत खाली जातं, आणि ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त उतरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलायला तरफ मोठी मिळते. 25 मिमीपर्यंत स्प्रिंगचा थोडा वाढीव कडकपणा हे भरून काढतो. 40 ला तुम्ही ज्या कारणासाठी पैसे घालताय तेच हातातून निसटतं.

तुमच्या गाडीत कलण्याचं खरं कारण मला वेगळंच दिसतं. 70 हजार किलोमीटर, आपले रस्ते आणि मूळचे शॉकअप. ते संपत आले आहेत. स्प्रिंग गाडी तोलते, तिचं उसळणं आणि कलण्याचा वेग आवरतो शॉकअप. दमलेल्या शॉकअपवर नवी, आखूड, जास्त कडक स्प्रिंग लावली की उरलेलं आयुष्यही झपाट्याने जातं. तेव्हा आधी शॉकअप. बिलस्टीन कंपनीच्या शॉकअपचंच उदाहरण घ्या : मूळ उंचीसाठी बी6, खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड बांध्याचा बी8. दोन्ही एकाच घराण्यातले, पण काम वेगळं. तुमच्याजागी मी असतो तर आई-बाबा महिन्याला मागे बसतात हे धरून मूळ उंचीवर नवे चांगले शॉकअप, नवे बंप स्टॉप, नवे वरचे माउंट आणि चांगले टायर घातले असते. एवढं करून कसारा उतरून बघा. त्यानंतरही फट खुपत असेल तर पेट्रोल जीटीसाठीच असलेला, भारतीय गाडीवर 25 मिमीच्या आत बसणारा सेट घ्या. त्यापुढे जाऊ नका.

गतिरोधकाचं लोक विचारतात म्हणून सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, त्याची त्रिज्या 17 मीटर. पोलोच्या दोन ॲक्सलमधलं अंतर सुमारे 2.47 मीटर. अशा गतिरोधकावर गाडी मधोमध आली तर पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा खर्ची पडते. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर 25 मिमी खाली घेतलेली पोलो सहज जाते. पण आपल्या सोसायट्यांच्या दारातला डांबराचा वरवंटा अर्धा मीटरही रुंद नसतो. तो पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला भिडतो. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सर्वात वाईट गतिरोधक टेप घेऊन मोजा, चार माणसं बसवून गाडीची पोटाखालची जागा मोजा, मग निर्णय घ्या.

बसवताना काय बघायचं तेही लिहितो, कारण अर्धं बरं-वाईट तिथे ठरतं. काम सुरू होण्याआधी चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. पोलोच्या पुढच्या स्ट्रटचा खालचा नळा चाक धरणाऱ्या स्टब ॲक्सलच्या चिमट्यात बसलेला असतो. तो चिमटा योग्य हत्याराने किंचित फाकवून स्ट्रट काढायचा असतो. हातोडा उचललेला दिसला तर काम थांबवा. स्प्रिंग दाबताना तिच्यात काही शे किलोचा जोर कोंडलेला असतो, त्यामुळे भिंतीला बसवलेला किंवा जड बांधणीचा, स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर असलेल्या ठिकाणीच काम द्या. शॉकअपचा वरचा नट सोडताना दांडा ॲलन कीने धरायचा, पकडीने नाही. त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा उठला की तो दर खड्ड्याला सील कापत राहतो आणि काही महिन्यांत तेल बाहेर.

मागचं काम सोपं आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. पण मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचा आवळू देऊ नका. गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर आतलं रबरी बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कंपनीने एकदाच वापरायचे म्हणून दिलेले नट-बोल्ट नवेच घ्या. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून पाचेकशे किलोमीटर झाल्यावर अलाइनमेंट करा आणि हेडलाइटचा झोतही लावून घ्या.

कायद्याचं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांमुळे नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंगबद्दल आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मूळ स्प्रिंगही भंगारात देऊ नका.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरातला मेकॅनिक म्हणतो, नवीन स्प्रिंग कशाला, आहे त्याच स्विफ्टच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, तीच गोष्ट. खरं आहे का?

उत्तर : नाही. वेढा कापला की स्प्रिंग कडक होते एवढं त्याचं बरोबर, सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला तर साधारण वीस टक्के. पण स्प्रिंगची मोकळी लांबीही घटते. चाक हवेत लटकलं की ती तिच्या सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या बैठकीत, सैल पडते आणि परत टेकताना वाकडी बसू शकते. टोकाचा वेढा सीटच्या आकाराप्रमाणे वळवलेला असतो, तो आकारच कापून टाकला जातो. गॅसने कापली तर त्या जागेच्या पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. ग्राइंडरने कापली तरी टोकाचा रंग जातो, तिथून गंज धरतो आणि एका पावसाळ्यानंतर कधीतरी तिथेच तुटते. तुटलेलं टोक टायरच्या बाजूला असतं. त्या मेकॅनिकची बाकी कामं चांगली असतील, हे त्याला करू देऊ नका.

प्रश्न : ठाण्यात लोअरिंग स्प्रिंग बसवल्या. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'टंग' असा आवाज येतो, आणि सरळ जाताना स्टिअरिंग थोडं डावीकडे राहतं. दुकानदार म्हणतो, चालवा, सेट होईल.

उत्तर : सेट होणार नाही. स्टिअरिंगबरोबर सगळी स्प्रिंग फिरायला हवी, वरचं बेअरिंग ते करू देतं. बेअरिंग अडकलेलं किंवा उलटं बसलेलं असेल तर स्प्रिंग पिळत जाते आणि सुटताना 'टंग' वाजते. दुसरी शक्यता, स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या पायरीला टेकलेलं नाही. बॉनेट उघडा, एकाला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि चाकाच्या आतून हात न घालता बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगकडे बघा. ती अडखळत, झटक्याने फिरत असेल तर स्ट्रट परत उतरवायलाच हवा. ज्याने बसवलं त्याच्याकडून, त्याच्या खर्चाने. डावीकडे राहणाऱ्या स्टिअरिंगचं अलाइनमेंट हे काम झाल्यावर करा, आधी केलं तर पैसे वाया जातील. तोवर घोडबंदर रोडला वेगाने जाऊ नका.