जुन्या हेल्मेटचं करायचं काय?

या वेळी आलेल्या पत्रांत ठाणे आणि नवी मुंबईतल्या दुचाकीस्वारांची पत्रं बरीच होती आणि विषय जवळपास एकच: माळ्यावर, बाल्कनीत आणि स्कूटरच्या डिकीत साठलेली जुनी हेल्मेटं. त्यातले काही प्रश्न उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न: घरात तीन दुचाक्या आहेत. गाडीबरोबर मिळालेली आणि नंतर घेतलेली अशी सहा हेल्मेटं साठली आहेत. भंगारवाला हातात घेऊन परत देतो. कचऱ्यात टाकायचीही भीती वाटते. काय करावं? (घोडबंदर रोड, ठाणे)

भंगारवाल्याच्या नकाराला कारण आहे. हेल्मेट म्हणजे चार-पाच वेगळ्या वस्तू चिकटवून आणि रिव्हेट मारून केलेली एक वस्तू. बाहेरचं कवच बहुधा एबीएस प्लास्टिकचं, काच पॉलिकार्बोनेटची, आत थर्मोकोलचा जाड थर, त्यावर फोम आणि कापड, शिवाय नायलॉनचा पट्टा आणि लोखंडी रिव्हेट. हे सगळं सोडवायला जेवढा वेळ जातो, तेवढे पैसे त्याला सुटत नाहीत. तुम्ही सुटं करून दिलंत, तर कडक प्लास्टिक म्हणून तो कवच सहसा घेतो.

पण सर्वांत आधी हनुवटीचा पट्टा दोन्ही बाजूंना रिव्हेटजवळ कापा. बाकी काही करायला वेळ नसेल, तरी एवढं कराच. अखंड टाकलेलं हेल्मेट कोणीतरी उचलतं, पुसतं आणि विश्वासाने डोक्यावर घालतं. पट्टा नसलेलं हेल्मेट कोणी घालत नाही. कवचावर आत-बाहेर मार्करने मोठी फुलीही मारा.

मग सुटं करायला घ्या. एका हेल्मेटला साधारण अर्धा तास लागतो. फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, एक चपटा स्क्रू-ड्रायव्हर, कटर आणि जाड हातमोजे एवढं पुरतं. काच काढा, ती बाजूच्या स्क्रूवर किंवा खटक्यावर बसलेली असते. गालांजवळच्या गाद्या टिचबटणांवर असतात, त्या ओढून काढा आणि डोक्यावरचं अस्तरही काढा. कडेची रबरी पट्टी एका टोकाने उचकटली की सरसर निघते. आता थर्मोकोल आणि कवच यांच्या फटीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून हळूहळू फिरवा. थर्मोकोल सगळीकडे चिकटवलेला नसतो, काही ठिकाणी डिंक किंवा दोन बाजूंची टेप असते. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये हनुवटीचा तुकडा वेगळा असतो. तो आधी काढल्याशिवाय मोठा भाग खाली सरकत नाही. अडकलाच, तर आतच तोडून तुकडे काढा.

हे काम पंखा बंद करून, चादरीवर करा. थर्मोकोल तुटला की त्याचे मणी सुटतात, वाऱ्यावर उडतात आणि पावसात थेट गटारात जातात. तिथून खाडी लांब नाही. मणी आणि तुकडे एका पिशवीत भरून तोंड बांधा आणि मगच सुक्या कचऱ्यात द्या. थर्मोकोल हलका आणि जागाखाऊ, म्हणून भंगारात त्याला कोणी विचारत नाही. फोम, अस्तर आणि पट्टाही सुक्या कचऱ्यातच. काच कवचाबरोबर देऊ नका, दोन्ही प्लास्टिकं वेगळी आहेत. कवचाच्या आत प्लास्टिकचा प्रकार सांगणारी खूण छापलेली असेल, तर भंगारवाल्याला दाखवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही महाग हेल्मेटांचं कवच फायबरग्लासचं असतं. आतून पाहिलं की धाग्यांची जाळी किंवा गुंतवळ दिसते. ते करवतीने कापू नका, त्याची पूड त्वचेला आणि श्वासाला त्रास देते. ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही, म्हणून भंगारातही जात नाही. पट्टा, काच आणि आतला थर काढून कवच तसंच सुक्या कचऱ्यात द्यावं लागतं.

आणि हेल्मेट जाळू नका. एबीएस जळताना हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघतो, तर थर्मोकोलचा काळा धूर घरभर बसतो. शेकोटीत एक तुकडासुद्धा नको.

प्रश्न: पामबीच रोडवर मुलगा गाडीवरून पडला. डोकं सुखरूप आहे, हेल्मेटला फक्त ओरखडे आहेत. चार हजारांचं हेल्मेट टाकायचं का? (नेरुळ)

डोकं हेल्मेटसकट आपटलं असेल, तर हो. ओरखडे बाहेर आहेत, पण काम आत झालेलं असतं. आतला थर्मोकोल दोन-तीन सेंटिमीटर जाड असतो आणि टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलपेक्षा बराच घट्ट असतो. धक्का बसला की त्यातल्या हवेच्या बारीक पेशी चिरडतात आणि त्या चिरडण्यातच आघात जिरतो. डोकं एकदम थांबण्याऐवजी तेवढ्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये थांबतं, म्हणून मेंदू वाचतो. गादी दाबून सोडली की फुगते, तसा हा थर फुगत नाही. पुढच्या वेळी त्याच जागी मार बसला, तर चिरडायला काही उरलेलंच नसतं. कवच मात्र लवचीक असल्याने पूर्ववत होतं आणि बाहेरून हेल्मेट नवं दिसतं. त्या हेल्मेटने चार हजारांचं काम एकदा चोख केलं आहे.

हेल्मेट रिकामं असताना सीटवरून घरंगळलं, तर गोष्ट वेगळी. आत डोक्याचं वजन नसतं, त्यामुळे थर सहसा चेपत नाही. तरी अस्तर काढून थरावरून बोट फिरवा. खळगा, चीर किंवा चमकणारा दबलेला भाग दिसला, तर ते बाद समजा. आरशाच्या दांड्यावर हेल्मेट अडकवायची सवय असेल, तर खळगा नक्की शोधा. तो दांडा रोज थोडाथोडा आत रुततो. टेकवायचंच असेल, तर सीटवर टेकवा.

प्रश्न: हेल्मेट कधीच पडलेलं नाही, पण आठ वर्षं जुनं आहे. चालेल का? (कोपरखैरणे)

नको. पाच वर्षांनी हेल्मेट बदलावं, असं हेल्मेटच्या सुरक्षिततेवर काम करणारी स्नेल संस्था सांगते. बहुतेक कंपन्यांचा सल्लाही याच्या जवळपास असतो. डिंक, घाम, केसांचं तेल, ऊन आणि पेट्रोलची वाफ हे सगळं थराला आणि कवचाला खात असतं. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आतल्या स्टिकरवर असतं. स्टिकर पुसला गेला असेल आणि खरेदीचं वर्ष आठवत नसेल, तर ते जुनंच धरा.

प्रश्न: सोसायटीच्या वॉचमनला आणि सामान पोचवणाऱ्या मुलांना जुनी हेल्मेटं देऊन टाकावीत, असं सभेत ठरतंय. योग्य आहे का? (ऐरोली)

भावना चांगली आहे, पण जे हेल्मेट स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर घालणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलालाही देऊ नये. ठाणे-बेलापूर रोडवरून रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या त्या मुलाला तुमच्यापेक्षा जास्त चांगल्या हेल्मेटची गरज आहे.

पाच वर्षांच्या आतलं, अपघात न झालेलं आणि आयएसआय शिक्का असलेलं हेल्मेट जास्तीचं पडून असेल, तर अवश्य द्या. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचं असणं सक्तीचं आहे. शिक्क्याखालचा सीएम/एल हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला, की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. पुलाखाली विकल्या जाणाऱ्या दीड-दोनशेच्या टोप्यांवरचा शिक्का असाच तपासा. क्रमांक सापडत नसेल, तर ती टोपी कोणाला देऊही नका.

देताना मापही बघा. भुवयांच्या वर, डोक्याचा सर्वांत मोठा घेर टेपने मोजा. ५८ सेंटिमीटरला बहुधा ५८० लिहिलेलं मध्यम माप बसतं, ६० ला ६००. पट्टा लावून मान पुढे झुकवली आणि मागून वर ढकलल्यावर हेल्मेट निघालं, तर ते मोठं आहे. सभेत वर्गणी काढून दोन नवी हेल्मेटं घेतलीत, तर सहा जुन्यांपेक्षा ते दान मोठं.

प्रश्न: थोरल्याचं हेल्मेट धाकट्याला चालेल का? तो तीन वर्षांचा आहे. (कळवा)

नाही. मोठ्याच्या हेल्मेटमध्ये फडकं कोंबून माप जमवणं तर धोक्याचंच. पडताना ते फिरतं आणि डोळ्यांवर येतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: डोक्याला बसणारं हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्ट्यांचा हार्नेस आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. या वयाला नियमात बसणारं सायकलचं हेल्मेटही चालतं आणि ते हलकं असल्याने लहान मानेला सोसतं.

प्रश्न: जुन्या हेल्मेटची कुंडी करायची आहे. पाणी झिरपून बाल्कनी खराब होते. (खारघर)

थर्मोकोल ठेवून कुंडी केली, की असं होतं. थर आणि कवच यांच्यामध्ये पाणी साचतं, वास येतो, मुळं कुजतात आणि डासांची अंडी राहतात. पावसाळ्यात डेंग्यूला एवढं पाणी पुरे. म्हणून आतलं सगळं काढा, फक्त कवच ठेवा. डोक्याच्या गोल भागात, जो आता तळ होईल, ६ मिलिमीटरची पाच भोकं पाडा: एक अगदी खालच्या बिंदूत, चार भोवती. ड्रिल सावकाश चालवा, वेग वाढला की प्लास्टिक वितळून बिटाला चिकटतं. तळ गोल असल्याने कवच लोळतं, त्याला तुटक्या बादलीची गोल कड किंवा सायकलच्या ट्यूबचं वेटोळं बैठक म्हणून द्या. खाली दोन बोटं विटांचे तुकडे, वर निम्मी माती आणि निम्मा कोकोपीट. मनीप्लांट, चिनी गुलाब, पुदिना छान येतात. खाण्याच्या भाज्यांसाठी रंग उडालेलं कवच वापरू नका.

ग्रिलबाहेर टांगू नका. ओल्या मातीसकट चार-पाच किलो होतात आणि ऊन खाल्लेलं प्लास्टिक दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं. खाली माणसं चालतात.

प्रश्न: शाळेसाठी जुन्या हेल्मेटचा काही उपयोग? (नौपाडा, ठाणे)

फार चांगला उपयोग आहे आणि तो फारसा कोणी करत नाही. जखमीच्या डोक्यावरून हेल्मेट कसं काढायचं, याचा सराव. प्रथमोपचार शिकवणाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखालीच करा. फक्त याच कामासाठी पट्टा ठेवावा लागतो, म्हणून कवचावर लाल रंगाने 'सराव' असं मोठं लिहा आणि हेल्मेट कपाटात कुलपात ठेवा.

काम दोघांचं आहे. पहिला उशाशी बसून हेल्मेट दोन्ही बाजूंनी घट्ट धरतो, मान हलू देत नाही. दुसरा पट्टा सोडवतो, एक हात जबड्याखाली आणि दुसरा मानेमागे डोक्याच्या खालच्या हाडाला लावून डोक्याचा भार घेतो. मग पहिला कडा बाहेर ताणत, नाक अडकू न देता हेल्मेट सावकाश ओढतो आणि लगेच डोकं पुन्हा स्वतःच्या हातात घेतो. मुलांना हेही सांगा, की रस्त्यावर श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटला हात लावायचा नाही. आधी १०८ ला फोन करायचा.

प्रश्न: बांधकामावर किंवा ग्राइंडर चालवताना जुनं हेल्मेट चालेल का? (तुर्भे)

नाही. बांधकामाच्या टोपीचं मानक वेगळं आहे, आयएस २९२५. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये कान झाकले जातात, 'बाजूला व्हा' ही हाक ऐकू येत नाही. त्याची काच ग्राइंडरच्या तुटलेल्या चकतीसाठी बनवलेली नाही. त्यासाठी वेगळा फेसशील्ड आणि चष्मा मिळतो.

प्रश्न: नवं हेल्मेट पावसाळ्यात कुबट होतं. ते जुनं समजायचं का? (पनवेल)

नाही, ते धुवा. निघणारं अस्तर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूने चोळा आणि सावलीत, पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळवा. अस्तर निघत नसेल, तर ओल्या फडक्याने पुसा, बादलीत बुडवू नका. हेअर ड्रायर, गॅस आणि बंद डिकीतलं ऊन टाळा; ७०-८० अंशांच्या पुढे थर्मोकोल मऊ पडायला लागतो. काचेला पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण लावू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात. तेच थिनर आतल्या थराला लागलं, तर तो विरघळून खड्डा पडतो. तसं झालं, तर पट्टा कापायची वेळ आली.