जुन्या लुगड्यातली वनराणी

पोरी, जुन्या कपड्यांत वनराणी होऊन स्वतःचेच फोटो काढायचेत ना? मग आधी सामान जमवत बसू नको, जागा ठरव. पळसाखाली फोटो हवा असेल तर फेब्रुवारी-मार्च गाठ. त्या शेंदरी फुलांपुढे लाल झगा मरतो. काळं किंवा मळकट पांढरं लुगडं उठून दिसतं. पानं गळालेल्या सागवानात मात्र लालच घे.

कपड्यांसाठी गडचिरोलीतल्या वडशाकडे ओळख काढ. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्या तिथल्याच, जुना अंगरखा-मुकुट आहे का विचारायला काय जातं? बाकी आजीचं नऊवारी आणि भंगारातला कंदील पुरे. पत्र्याचा मुकुट फार चमकतो. खोबरेल तेलात काजळी कालव, बोटाने खाचांत भर आणि वरचे उंचवटे फडक्याने पुसून घे. सात पिढ्यांचा वाटायला लागतो.

स्वतःच स्वतःचा फोटो काढताना खरा घोळ फोकसचा. उभी राहणार तिथे तुझ्या उंचीची तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, रोव, स्क्रीनवर तिच्यावर बोट दाबून फोकस लॉक कर, दहा सेकंदांचा टायमर लाव आणि तुऱ्हाटी उपटून तिच्या जागी उभी राहा. फोन कमरेच्या उंचीवर ठेवलास की राणी उंच दिसते. ऊन कोवळं असतानाच, नंतर चेहऱ्यावर नुसत्या सावल्या.

कंदील पेटवू नको, वाळल्या पानांत ठिणगी पुरते; आत बॅटरीचा पिवळा बल्ब ठेव. राखीव जंगलात जायचं नाही, शिवारातच, आणि सोबत कुणीतरी हवंच. वावरवाल्याला आधी सांग, नाहीतर दुपारपर्यंत धुऱ्यावर हडळ दिसल्याची बातमी पारावर पोचते.