लीजची ८० वर्षांची रेघ आणि फ्रीहोल्डरचं गोड पत्र

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लंडनबाहेर दोन बेडरूमचा फ्लॅट, लीज (भाडेपट्टा) २५ डिसेंबर २००७ पासून ९९ वर्षांची, ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) वर्षाला २५० पौंड. फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाच्या, एजंटचं पत्र आलंय की १२५ वर्षांची लीज करून देतो, प्रीमियम (लीज वाढवण्याची एकरकमी किंमत) ८,००० पौंड, ग्राउंड रेंट आहे तोच राहील, उत्तर ३० दिवसांत कळवा. शिवाय ऑफिसातले लोक सांगतात की नवा कायदा येतोय, कशाला घाई करतोस.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पत्राला भुलू नका आणि कायद्यासाठी थांबूही नका. कलम ४२ ची नोटीस (१९९३ च्या कायद्याखाली लीज वाढवून मागण्याची) २०२६ च्या नाताळाआधी फ्रीहोल्डरच्या हातात पडली पाहिजे.

नाताळ का, तर तुमची लीज २१०६ च्या डिसेंबरात संपते, म्हणजे या डिसेंबरात ती ८० वर्षांवर येते. (लीजमध्ये नेमकी नाताळची तारीख बघून बऱ्याच जणांना गंमत वाटते. इथे भाडं चुकतं करायचे वर्षातले चार जुने दिवस ठरलेले आहेत, २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. वकिलांनी ती सवय अजून सोडलेली नाही.) तारीख एजंटच्या पत्रावरून किंवा जुन्या जाहिरातीवरून धरू नका, लँड रजिस्ट्रीतून लीजची प्रत काढून स्वतः वाचा. फ्लॅट घेतला तेव्हापासून मोजणारे आणि वर्षा-दोन वर्षांनी चुकणारे मी पाहिलेत.

आता ८० चं काय एवढं, ते आकड्यांतच दाखवतो. समजा लांब लीज असती तर तुमच्या फ्लॅटला ३,००,००० पौंड आले असते. प्रीमियम म्हणजे फ्रीहोल्डरच्या नुकसानाची भरपाई, आणि ते नुकसान दोन प्रकारचं. एक, ८० वर्षांनी फ्लॅट त्याच्याकडे परत जाणार होता, तो आता जाणार नाही. ते ३,००,००० आजच्या किमतीत आणायला फ्लॅटसाठी सहसा ५ टक्के दर धरतात (हा दर स्पोर्टेली खटल्यापासून रुळला), त्याने साधारण ६,०५० पौंड होतात. दोन, ग्राउंड रेंट बुडणार. वर्षाचे २५०, ७ टक्क्यांनी धरले तर सुमारे ३,५५०. एकूण ९,६०० च्या आसपास. लीज ८० च्या वर असेल तर हिशेब इथे संपतो.

८० ला टेकली की मॅरेज व्हॅल्यू येऊन बसते. लीज वाढल्यामुळे फ्लॅटची किंमत जी वाढते, त्यातून फ्रीहोल्डरचं हे नुकसान वजा करायचं आणि उरलेल्यातला निम्मा हिस्सा त्याला द्यायचा. आत्ताच्या लीजसह फ्लॅट २,८०,००० चा धरला तर वाढ २०,००० ची, वजा जाता १०,४००, त्याचे निम्मे ५,२००. म्हणजे एका दिवसाच्या फरकाने ९,६०० चे १४,८०० होऊ शकतात. हे आकडे ढोबळ आहेत, पण उडी किती मोठी ते यातून दिसतं. हिशेबाची तारीख नोटीस दिल्याच्या दिवशी गोठते. पुढे वाटाघाटी वर्षभर चालल्या तरी तुम्ही ८० च्या वरच.

मग ८,००० चं पत्र स्वस्त नाही का? वरवर हो. पण "१२५ वर्षांची लीज" म्हणजे आजपासून एकूण १२५, तुमच्याकडे ८० आहेतच, तेव्हा वाढ ४५ वर्षांची. १९९३ च्या कायद्याने तुम्हाला आहे त्यावर ९० मिळतात, एकूण १७०, आणि ग्राउंड रेंट शून्यावर येतो. कागदावर त्याला मिरीचा एक दाणा म्हणतात, आणि तो दाणा कुणी मागायला येत नाही. पत्रातल्या सौद्यात उरलेल्या ८० वर्षांचा रेंट चालूच राहील, २५० गुणिले ८० म्हणजे २०,००० पौंड. २०२२ च्या ग्राउंड रेंट कायद्याने वाढीव वर्षांना रेंट लावता येत नाही, पण जुन्या मुदतीचा तसाच ठेवायला परवानगी आहे, आणि हे एजंटांना नेमकं ठाऊक असतं. शिवाय असल्या खासगी बोलणीत फ्रीहोल्डर कधीही मागे फिरू शकतो. "मॅनेजर सुट्टीवर आहेत" करत नोव्हेंबर आला की मग तुम्ही काय करणार? पत्राला नम्र उत्तर द्या, बोलणी खुशाल चालू ठेवा, पण नोटीस दिल्यानंतर.

नव्या कायद्याबद्दल. २४ मे २०२४ ला मंजूर झालेल्या कायद्यात ९९० वर्षांची वाढ आहे, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, फ्रीहोल्डरचा खर्च सहसा आपल्या माथी येणार नाही असंही आहे. पण मी हे लिहितोय तोवर या तरतुदी लागू झालेल्या नाहीत. लीज वाढवण्यापुरतं लागू झालं ते एवढंच की ३१ जानेवारी २०२५ पासून दोन वर्षं मालकी असण्याची अट गेली, त्यामुळे तुम्ही फ्लॅट कालच घेतला असला तरी नोटीस देऊ शकता. ज्याची लीज आधीच ६५-७० वर्षांपर्यंत उतरली आहे आणि विकायची किंवा रिमॉर्गेजची (गृहकर्ज बदलून घ्यायची) घाई नाही, त्याला मी थांबण्याचा विचार कर म्हणेन, कारण मॅरेज व्हॅल्यू गेली तर त्याचे खरंच पैसे वाचतील. तुम्हाला ती आज लागूच नाही. थांबून तुम्ही ती अंगावर ओढवून घ्याल.

खर्च धरून ठेवा: तुमचा सॉलिसिटर (वकील), तुमचा व्हॅल्युअर (किंमत काढणारा तज्ज्ञ), आणि फ्रीहोल्डरच्या सॉलिसिटर-व्हॅल्युअरची वाजवी फीसुद्धा तुमच्याच खिशातून. व्हॅल्युअर फ्लॅटच्या लीजचंच काम करणारा आणि त्या भागातला हवा. नोटिशीत देऊ केलेला आकडा कमी असू द्या, पण हास्यास्पद नको, खोटा वाटला तर नोटीसच बाद ठरवायला समोरच्याला वाव मिळतो. नोटीस मिळाल्यावर तो डिपॉझिट मागू शकतो, देऊ केलेल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. मधे हेडलीजवाला (फ्रीहोल्डरकडून लीज घेऊन पुढे तुम्हाला देणारा) कुणी असेल तर नोटीस नेमकी कुणाला द्यायची हे सॉलिसिटरकडून तपासून घ्या.

आता मी ज्यात पोळलो ते. माझ्या पहिल्या फ्लॅटची लीज ८० वर्षं चार महिने असताना नोटीस दिली, फ्रीहोल्डरची काउंटर-नोटीस (त्याचं औपचारिक उत्तर) वेळेत आली, दोन्ही व्हॅल्युअर दीड हजार पौंडांच्या फरकावर अडले होते. सगळं गोडीत चाललेलं. काउंटर-नोटीस आल्यापासून सहा महिन्यांच्या आत ट्रिब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करायचा असतो, बोलणी कितीही छान चालली असली तरी. माझ्या सॉलिसिटरने ती तारीख डायरीत घातलीच नव्हती. सहा महिने उलटले, नोटीस मागे घेतली असं कायद्याने धरलं गेलं, आणि नवी नोटीस द्यायला बारा महिने थांबावं लागलं. तेवढ्यात लीज ८० च्या खाली. फ्रीहोल्डरचा पहिल्या फेरीचा खर्चही मीच भरला. सॉलिसिटरकडून भरपाई मिळाली, पण तिच्यासाठी दीड वर्ष पत्रं लिहीत बसलो. तेव्हा काउंटर-नोटीस आली की त्याच दिवशी पाच महिन्यांवर तुमच्या फोनमध्ये अलार्म लावा आणि तेव्हा सॉलिसिटरला "अर्ज गेला का" एवढंच विचारा. अर्ज केला म्हणजे सुनावणी होतेच असं नाही, बहुतेक प्रकरणं तिच्या आधीच मिटतात. उलट दिलेल्या मुदतीत काउंटर-नोटीस आलीच नाही, तर तुमच्या नोटिशीतल्या अटींवरच लीज मागायला काउंटी कोर्टात सहा महिन्यांच्या आत जाता येतं. तिथेही घड्याळ चालूच असतं.

मधेच फ्लॅट विकायचा झाला तर नोटिशीचा हक्क विक्रीबरोबरच खरेदीदाराच्या नावे करता येतो, दोन्ही कागद एकत्रच करायचे. लीजची प्रत हातात आली की ग्राउंड रेंटचं कलम इथे टाका. २५० हे कायमचे आहेत की मधे वाढतात, त्यावर माझे वरचे ३,५५० बदलतील.