थंडीत एअर फिल्टरला गरम हवा द्यावी का?

प्रश्न: सर, मी निफाडचा, भाजी वाहायला डिझेल पिकअप आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ५ ला मार्केटला निघायचं म्हटलं की सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत चालू होते, पाच मिनिटांनी एकदम ओके. आमचा फिटर म्हणतो सायलेन्सरजवळून पाइप काढून फिल्टरला गरम हवा देऊ, स्टार्टिंग सुधारेल आणि अ‍ॅव्हरेजपण वाढेल. करू का?

उत्तर: दादा, अजिबात नको. पहाटे गाडी थंड असते तेव्हा सायलेन्सरपण थंडगारच असतो ना, मग गरम हवा येणार कुठून? ती येणार गाडी चालू झाल्यावर, आणि तेव्हा ती नकोच असते. तुमच्या टर्बो गाडीत इंटरकूलर बसवलाय तो हवा गार करायलाच. २५ अंशांची हवा ६० अंशांवर नेली की तेवढ्याच जागेत साधारण १० टक्के कमी हवा मावते, म्हणजे गाडीचा जोर मेला, चढावर काळा धूर आणि अ‍ॅव्हरेज उलट कमी.

ही आयडिया आली जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) पेट्रोल गाड्यांवरून. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटर इतका गार पडायचा की दमट हवेत शून्याच्या वर तापमान असतानाही आत बर्फ धरायचा, म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळची) गरम हवा घ्यायचा पाइप असायचा. डिझेलचं दुखणं वेगळं. तिथे स्पार्कच नाही, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं, ब्लॉक गारठला असेल तर ते अर्धवट जळतं, तोच तुमचा पांढरा धूर. त्यासाठी पिकअपला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो, तो विजेवर तापतो. मोठ्या इंजिनांत, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या डॉज पिकअपमधलं कमिन्सचं ५.९ लिटरचं, इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) तोंडाशी जाळीसारखा हीटर असतो, तो शंभराच्या वर अँपिअर खातो, म्हणून बॅटरी दमदार लागते.

तुम्ही आधी हीटर प्लग मल्टिमीटरने चेक करा, चारातले दोन मेलेले निघाले तर मला नवल वाटणार नाही. मग रिले (प्लगना करंट सोडणारा स्विच) आणि बॅटरी. चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा कॉइलचा (हीटरचा) दिवा विझेपर्यंत थांबा, खूपच गारठा असेल तर चावी बंद करून परत एकदा तसंच करा आणि मगच सेल्फ मारा. गाडी तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) बघून घ्या.

आणि कळकळीने सांगतो, फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं हीटरवाल्या गाडीत कधीही करू नका, तापलेल्या हीटरवर ती वाफ भडकते, मॅनिफोल्ड फुटू शकतो आणि माणूस समोरच वाकलेला असतो.