मुलांच्या आनुवंशिक नेत्रविकारांवर संशोधन करायचं तर ओपीडी सोडावी लागते का?

रेसिडेन्सी संपत आली आहे, मुलांच्या आनुवंशिक नेत्रविकारांवर संशोधन करायचंय, मग रुग्ण बघणं सोडून प्रयोगशाळेत बसावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: ओपीडी सोडू नका. या विषयातले चांगले प्रश्न तिथेच सापडतात.

१९७१ सालचं संशोधक नड्सन यांचं रेटिनोब्लास्टोमावरचं, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या कर्करोगावरचं काम बघा. ४८ मुलांच्या नोंदी, बस्स. गाठ एका डोळ्यात की दोन्ही, निदान कितव्या महिन्यात, घरात आधी कोणाला होती का. एवढ्यावरून त्यांनी मांडलं की गाठ व्हायला दोन धक्के, म्हणजे जनुकातले दोन बिघाड लागतात, आणि काही मुलं त्यातला एक जन्मतःच घेऊन येतात. ज्यात हे बिघाड होतात ते जनुक हाती लागलं १९८६ मध्ये, आणि त्या कामात थॅडियस ड्रायजा हे नेत्रतज्ज्ञ होते. म्हणजे आधी कुणीतरी केसपेपर नीट लिहिले होते.

लेबर कन्जेनिटल अमॉरोसिसचं, म्हणजे पडद्याच्या आनुवंशिक दोषामुळे जन्मापासून फारच कमी दिसणारं बाळ तुम्ही पाहिलं असेल. आईच्या चेहऱ्याकडे बघत नाही, बुबुळं भिरभिरतात, मुठींनी डोळे दाबत राहतं. पडदा बऱ्याचदा ठीकठाक दिसतो, पण ईआरजी, म्हणजे प्रकाशाला पडद्याने दिलेल्या विद्युत प्रतिसादाचा आलेख, जवळजवळ सपाट येतो. वीसहून अधिक जनुकांतले दोष या एकाच नावाखाली येतात. त्यातलं आरपीई६५ हे जनुक वेगळं निघालं. या जनुकाचं एन्झाइम प्रकाशपेशींना लागणारं ‘अ’ जीवनसत्त्वाचं रूप पुन्हा तयार करतं. ते नसलं की पेशी उपाशी राहतात, पण बरीच वर्षं जिवंत असतात. उपाशी पेशीला जेवण देता येतं, मेलेलीला नाही. म्हणूनच जनुकोपचार, म्हणजे पेशींना निरोगी जनुक पुरवणं, इथे आधी जमला: १९९७ मध्ये दोष सापडला, २००१ मध्ये हाच दोष असलेल्या ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांना उपचारानंतर दिसू लागलं, डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. वीस वर्षं! एवढा धीर धरायची तयारी आहे का, हे मात्र स्वतःला विचारा.

मुलांवर त्या औषधाची चाचणी घेताना फायदा मोजायचा कसा, हा मोठाच प्रश्न होता. तक्त्यावरची अक्षरं पुरेशी नव्हती. मग मंद-प्रखर उजेडात अडथळे चुकवत चालण्याची परीक्षा तयार केली गेली. ही मुलं संध्याकाळी कशी अडखळतात, हे जवळून पाहिलेल्यालाच असं मोजमाप सुचतं.

आजपासून करता येईल ते सांगतो. प्रत्येक मुलाची तीन पिढ्यांची वंशावळ हाताने काढा, नात्यातलं लग्न असेल तर तेही लिहा. आईचा पडदा बघितल्याशिवाय मुलाचं निदान लिहू नका. ऑक्युलर अल्बिनिझम (डोळ्यात रंगद्रव्य कमी असणं) असलेल्या मुलाच्या आईच्या पडद्यावर अनेकदा चिखल उडाल्यासारखे ठिपके दिसतात आणि तिला स्वतःला काहीच त्रास नसतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी आयांना तपासत नसे. त्यातली काही कुटुंबं पुन्हा भेटली नाहीत, याची खंत आजही आहे.

जनुक तपासणीत काही सापडलं नाही, तरी फाइल बंद करू नका. सीईपी२९० या जनुकातला, लेबर कन्जेनिटल अमॉरोसिसमध्ये नेहमी आढळणारा एक दोष २००६ पर्यंत निसटत होता, कारण तो जनुकाच्या अशा भागात होता जो नेहमीच्या तपासणीत वाचलाच जात नसे. तुमच्या कपाटातल्या ‘निगेटिव्ह’ रिपोर्टांपैकी काही अशाच कारणाने निगेटिव्ह असतील. दर दोन-तीन वर्षांनी ते काढून पुन्हा वाचा, आणि त्या घरांचे फोन नंबर बदलले का, तेही विचारत राहा.